हसण्याआधी मालिका पाहिली होती का?

अमेरिकेतल्या 'फॅमिली गाय' या कार्टून मालिकेचा जानेवारी २०१६मधला एक भाग आहे. त्यातला क्वाग्मायर हा बायकांच्या मागे लागणारा वैमानिक शेजारी एकेकाळी एका कोरियन मालिकेत काम करत होता, असं त्याच्या मित्रांना कळतं. मित्र चेष्टा करायला म्हणून ती मालिका बघायला बसतात आणि बघता बघता तिच्यात पुरते अडकतात. शेवटचा भाग मात्र हाती लागत नाही. मग शेवट काय झाला हे कळावं म्हणून ही चौकडी थेट सेऊल गाठते.

या भागावर आक्षेप घेणारे बरेच आहेत आणि त्यातले काही आक्षेप मलाही पटतात. पण आधी त्यात काय जमलंय ते बोलू, कारण ते फारसं कोणी बोलत नाही.

क्वाग्मायरच्या मालिकेचं नाव 'विंटर समर'. ज्याने कोरियन मालिका पाहिलेल्या नाहीत त्याला हे नुसतंच बाष्कळ वाटेल. पाहिलेल्याला मात्र युन सॉक-हो या दिग्दर्शकाची ऋतुमालिका आठवेल. सन २०००मध्ये शरद, २००२मध्ये हिवाळा, २००३मध्ये उन्हाळा आणि २००६मध्ये वसंत, अशा चार ऋतूंवर त्याने चार मालिका केल्या. त्यातल्या हिवाळ्याच्या 'विंटर सोनाटा'ने इतिहास घडवला. नायकाला अपघात होतो, त्याची स्मृती जाते, तो दुसऱ्याच नावाने परत येतो, पुन्हा अपघात होतो, आणि शेवटी त्याची दृष्टी जाते. एवढं सगळं बर्फात, गळ्यात मफलर गुंडाळून. २००३मध्ये जपानच्या एनएचके वाहिनीने ती दाखवली आणि मध्यमवयीन जपानी बायका नायक बे योंग-जूनसाठी वेड्या झाल्या. तो टोकियोजवळच्या विमानतळावर उतरला तेव्हा हजारोंची गर्दी उसळली. जिथे चित्रीकरण झालं त्या नामी बेटावर सहलींच्या बस लागल्या. दोन ऋतू एकाच नावात कोंबणाऱ्या माणसाला हे ठाऊक होतं, असं मानायला हरकत नाही.

दुसरी गोष्ट त्याहून बारीक आहे. अख्खं कथानक 'शेवटचा भाग नाही' या खुंटीवर टांगलेलं आहे. अमेरिकन दैनंदिन मालिकेला ही खुंटी चालली नसती. 'जनरल हॉस्पिटल' १९६३पासून चालू आहे. 'गायडिंग लाइट' १९३७मध्ये रेडिओवर सुरू झाली आणि २००९मध्ये टीव्हीवर संपली. तिच्या शेवटासाठी विमानाचं तिकीट कोण काढेल? आपल्याकडे तर शेवट लेखकाच्या हातातच नसतो, टीआरपी घसरला की वाहिनी तो ठरवते. कोरियन मालिका मात्र साधारण सोळा ते वीस भागांची, आठवड्याला दोन भाग, बहुतेकदा एकाच लेखिकेच्या हातची, आणि तिला शेवट असतो. त्या शेवटासाठीच माणूस पहाटे तीनपर्यंत जागतो. मित्रांची तगमग ही त्या प्रकाराची खरी ताकद आहे आणि विनोद तिथे अगदी नेमका बसतो. हसता हसता कार्टून कबूल करून टाकतं, की आम्हीही अडकलो.

म्हणजे टिंगल करू नये असं माझं म्हणणं अजिबात नाही. कोरियन मालिकांची टिंगल सगळ्यात जास्त कोरियन लोकच करतात. नायिका उन्मळून पडली की नेमका रस्त्यावर येणारा पांढरा ट्रक, पाकिटात पैसे घालून 'माझ्या मुलाला सोड' म्हणणारी उद्योगपतीची बायको, दारू प्यायलेल्या नायिकेला पाठीवर घेऊन चढ चढणारा नायक हे सगळं त्यांना पाठ आहे. अतिरंजित मालिकांना ते 'मकजांग' म्हणतात आणि तरीही रोज पाहतात. २००८च्या 'टेम्प्टेशन ऑफ वाइफ'मध्ये नवऱ्याने मरायला सोडलेली बायको डोळ्याखाली एक तीळ रंगवून परत येते आणि नवरा तिला ओळखत नाही. तो तीळ कोरियात अजून गाजतो. २०१४च्या एका दैनंदिन मालिकेत जावयाच्या गालावर लांबलचक किमचीची, म्हणजे कोबीच्या लोणच्याची, सणसणीत थप्पड बसते, तिची क्लिप जगभर फिरली. प्लॅस्टिक सर्जरी करून नव्या नटाच्या चेहऱ्याने परतणारे नायक ज्यांनी झेलले आहेत, त्या आपल्याला यात परकं काय वाटणार?

तर 'फॅमिली गाय'चा पाय कुठे घसरतो? पात्रं मालिकेतून उठून सेऊलच्या रस्त्यावर येतात तिथे. मालिकेचा विनोद पाहून लिहिलेला आहे, शहराचा विनोद ऐकून. कोरियन माणसं तिथे पात्रं राहत नाहीत, मागच्या पडद्यावरचा देखावा होतात. आणि क्वाग्मायरची जुनी सहनायिका सूजिन, जिच्यावर त्याचं प्रेम होतं, ती पुन्हा भेटते आणि अडलेली गाडी जणू कालच थांबली होती अशी पुढे सरकते. गोरा पुरुष येतो, जातो, वर्षांनी परततो, आणि पूर्वेची बाई तिथेच असते. १९०४मध्ये पुच्चिनीच्या 'मादाम बटरफ्लाय' या ऑपेरात हीच बाई जपानी होती, १९८९मध्ये लंडनच्या 'मिस सायगॉन' या संगीत नाटकात ती व्हिएतनामी झाली. हा साचा आरमाराबरोबर आणि लष्करी तळांबरोबर आशियात उतरला, आणि दक्षिण कोरियात आजही अमेरिकेचे साडेअठ्ठावीस हजारांच्या आसपास सैनिक आहेत. कार्टूनला त्या साच्यावर हसता आलं असतं. कोरियन मालिकेच्या पद्धतीने सूजिनला एखादा कर्जबाजारी भाऊ, एखादं लपवलेलं पोर, एखादा सूडाचा कट देता आला असता. मालिकेची टिंगल त्यामुळे अजून धारदार झाली असती. त्याऐवजी त्यांनी साचा जसाच्या तसा वापरला. मला राग येतो तो अपमानाचा नाही, आळसाचा.

यावर अशा कार्टूनवाल्यांचं एक ठरलेलं उत्तर असतं: आम्ही कोणालाच सोडत नाही, ज्यू, कॅथलिक, अपंग, राष्ट्राध्यक्ष, सगळ्यांची टर उडवतो. ऐकायला न्याय्य वाटतं. पण हिशेब बघा. मालिकेचा नायक पीटर ग्रिफिन मठ्ठ आहे म्हणून अमेरिकन लोक मठ्ठ असतात असं कोणी धरून चालत नाही, कारण त्याच पडद्यावर त्याची बायको लोइस आहे, 'जो' नावाचा शेजारी आहे, बोलणारा शहाणा कुत्रा आहे आणि १९९९पासून आलेली शेकडो माणसं आहेत. पीटरचा मठ्ठपणा पीटरचा राहतो. कोरियन माणसाला मिळतात वीसेक मिनिटं, आणि तेवढ्यात जो कोणी समोर येईल त्याच्या डोक्यावर अख्ख्या देशाची पाटी बसते. एकाची टर उडते माणूस म्हणून, दुसऱ्याची नकाशा म्हणून.

याच मालिकेत ट्रिशा ताकानावा नावाची वार्ताहर आहे. वृत्तनिवेदक तिची ओळख दर वेळी 'एशियन रिपोर्टर' अशी करून देतो. सुरुवातीला हा विनोद चोख होता. अमेरिकन वाहिन्या कॅमेऱ्यासमोर एक आशियाई चेहरा उभा करून कर्तव्य संपवतात, त्यावर तो होता. पण पात्राला पुढे दुसरं काही दिलंच नाही, आवाजही गोऱ्या नटीचा, अॅलेक्स बोर्स्टीनचा. वर्षानुवर्षं तेच ऐकल्यावर वाहिनी बाजूला राहते आणि हसू बाईवर येऊन थांबतं. विनोदाचा नेम असा वापरून वापरूनही सरकतो.

आता या सगळ्यातली सर्वांत मजेशीर बाब. ही चित्रं काढतं कोण? बऱ्याचदा कोरियन लोकच.

'फॅमिली गाय'चं रेखाटन वर्षानुवर्षं दक्षिण कोरियातल्या स्टुडिओंमध्ये होत आलं आहे. 'द सिम्पसन्स' या कार्टून मालिकेचं तर पहिल्यापासून. लॉस एंजेलिसमध्ये संहिता लिहायची, आवाज भरायचे, दृश्यांचा आराखडा आणि मुख्य मुद्रा काढायच्या, आणि मग मधल्या हालचालींची हजारो चित्रं आणि रंगकाम सेऊलला पाठवायचं, हा ठरलेला क्रम. सेऊलमधल्या 'एकॉम' या स्टुडिओचे संस्थापक नेल्सन शिन. त्यांचं आयुष्य एखाद्या मालिकेला पुरेल. १९३९मध्ये आजच्या उत्तर कोरियाच्या भागात जन्म, दक्षिणेत व्यंगचित्रकार म्हणून सुरुवात, मग अमेरिकेत 'पिंक पँथर'च्या स्टुडिओत नोकरी. १९७७च्या 'स्टार वॉर्स'मधल्या त्या प्रकाशाच्या तलवारींचं चलच्चित्रण त्यांच्या हातचं. १९८५मध्ये त्यांनी एकॉम काढला, १९८६चा 'ट्रान्सफॉर्मर्स' कार्टूनपट दिग्दर्शित केला. आणि इतकी वर्षं दुसऱ्यांच्या गोष्टी रंगवून झाल्यावर २००५मध्ये स्वतःची गोष्ट केली, आंधळ्या बापासाठी स्वतःला समुद्राच्या हवाली करणाऱ्या शिमचॉंगची लोककथा. तिच्या कामाचा मोठा भाग प्योंगयांगच्या स्टुडिओत झाला आणि चित्रपट दोन्ही कोरियांत प्रदर्शित झाला. अमेरिकेत त्याची दखल किती जणांनी घेतली असेल ते सांगायला नको.

याच एकॉमकडे ऑक्टोबर २०१०मध्ये एक काम आलं. बॅंक्सी या ब्रिटिश भित्तिचित्रकाराने 'सिम्पसन्स'च्या एका भागाची सुरुवात रचली होती. अंधाऱ्या तळघरात रांगेने बसलेले खंगलेले आशियाई कामगार मालिकेतल्या बार्टची चित्रं काढताहेत, एक पोर ती कसल्याशा विषारी द्रवात बुडवतंय, मांजराची पिल्लं यंत्रात घालून बाहुल्यांत भुसा भरला जातोय, एक मरायला टेकलेला एकशिंगी घोडा शिंगाने डीव्हीडीला भोकं पाडतोय, आणि शेवटी काटेरी तारांमागे निर्मात्या कंपनीचं बोधचिन्ह. जगभर वाहवा झाली. काय धाडस, स्वतःच्याच मालकाला चिमटा! पण ते दृश्य रंगवायला गेलं कुठे, तर सेऊललाच. शिन यांनी उघडपणे नाराजी सांगितली, आमच्याकडे असं काही नाही म्हणाले, आणि काम पूर्ण करून पाठवलं.

मजुरीचा प्रश्न खोटा नव्हता. काम परदेशी जातं ते स्वस्त पडतं म्हणूनच. पण २०१०चं सेऊल म्हणजे संगणकांवर काम करणारे कुशल चित्रकार. त्यांच्यातल्या कोणाचं नाव, चेहरा, एखादी तक्रार त्या दृश्यात नव्हती. होतं ते फक्त 'आशियातला कारखाना' म्हटल्यावर पश्चिमेच्या डोळ्यांपुढे येणारं तळघर. शोषण दाखवायला निघालेला माणूसही ज्यांचं शोषण होतंय त्यांना विचारायला थांबला नाही. मुंबईत गोरेगाव-अंधेरीच्या स्टुडिओंमध्ये हॉलिवूडच्या चित्रपटांसाठी रात्र-रात्र दृश्यपरिणामांचं काम करणारी आपली मुलं हे वाचत असतील तर त्यांना यातलं बरंच ओळखीचं वाटेल. 'लाइफ ऑफ पाय'चा वाघ घडवणारी कंपनी २०१३मध्ये दिवाळखोरीत गेली तेव्हा तिची एक शाखा मुंबईतच होती.

मग उपाय काय, कोरियावरचा विनोद फक्त कोरियन माणसाने लिहायचा? हे मला पटत नाही, आणि न पटण्याचं कारण 'किंग ऑफ द हिल' हे आहे. माइक जज आणि ग्रेग डॅनियल्स या दोन गोऱ्यांनी १९९७मध्ये सुरू केलेली ही टेक्ससमधली कार्टून मालिका. पहिल्याच हंगामात शेजारी खान नावाचा माणूस राहायला येतो. गल्लीतले मित्र विचारतात, तू चिनी की जपानी? तो सांगतो, मी लाओसचा. लाओस कुठे आहे, शेजारी कोणते देश, लोकसंख्या किती, सगळं समजावतो. मालिकेचा नायक हँक शांतपणे ऐकून घेतो आणि विचारतो, म्हणजे चिनी की जपानी? पुढे हँकचा बाप येतो. दुसऱ्या महायुद्धात लढलेला, तोंडाने गलिच्छ, वर्णद्वेष्टा म्हातारा. खानकडे एकदा बघतो आणि म्हणतो, हा लाओसचा आहे. सगळ्या सज्जनांत तेवढं एकट्या त्या नालायकाला कळतं. वर्णद्वेषावरचा इतका गुंतागुंतीचा विनोद आशियाई लेखकांकडूनही सहसा होत नाही. खान हा काही संत नाही. तो हावरट आहे, शेजाऱ्यांना गावंढळ म्हणतो, श्रीमंत आशियाई लोकांच्या क्लबात घुसायला तडफडतो. पण हे दुर्गुण त्याचे आहेत, लाओसचे नाहीत. मालिका ऑगस्ट २०२५मध्ये परत आली तेव्हा खानचा जुना गोरा आवाज बदलून रॉनी चिएंगचा घेतला. चिएंग जन्माने मलेशियातला, वंशाने चिनी. हँकचा प्रश्न निर्मात्यांनी जणू स्वतःच सोडवून टाकला.

आवाज बदलण्याची ही लाट आपल्यापर्यंत आलेली आहे, ती अपूमुळे. 'सिम्पसन्स'मधल्या या भारतीय दुकानदाराला हँक अझारियाने १९९०पासून आवाज दिला. हरी कोंडाबोलू या भारतीय वंशाच्या अमेरिकन विनोदकाराने २०१७मध्ये माहितीपट काढून त्याचा हिशेब मागितला. मालिकेने २०१८मध्ये लिसाच्या तोंडून उत्तर दिलं, की जे तेव्हा चाललं ते आता चालत नाही, काय करणार. अझारियाने २०२०मध्ये तो आवाज सोडला. ठीक झालं. पण नंतर अपू गप्पच झाला. गर्दीत दिसतो, बोलत नाही. चुकीचं बोलणाऱ्याला बरोबर बोलायला शिकवण्यापेक्षा त्याचं तोंड बंद करणं सोपं असतं. कोरियाच्या बाबतीतही मला भीती आहे ती हीच: चार आक्षेप आले की विनोद सुधारण्याऐवजी कोरियाच गायब करायचा.

आणि कोरियन मालिका तरी परक्यांना कसं रंगवतात? २०२३मध्ये जेटीबीसी वाहिनीच्या 'किंग द लँड'मध्ये एक अरब राजपुत्र आला. मद्यशाळेत रमणारा, बायकांमागे लागणारा, उधळ्या. भूमिकेत आपला अनुपम त्रिपाठी, 'स्क्विड गेम'मधला अली. अरब प्रेक्षकांनी इतकी झोड उठवली की निर्मात्यांना माफी मागावी लागली. दिल्लीचा नट अरब म्हणून खपवताना कोणालाच काही खटकलं नाही, म्हणजे 'चिनी की जपानी' हा प्रश्न सेऊललाही पडतो. हिंदी सिनेमात मराठी माणूस हवालदार आणि मराठी बाई मोलकरीण, यावर आपण कळवळून बोलतो. आणि आपल्याच नाटकांत लुंगीवाला अण्णा 'अय्यो' करत आला की टाळ्या पिटतो.

कुत्र्याच्या मटणाचा विनोद घ्या. कोरिया म्हटलं की अमेरिकन विनोदवाल्याच्या हाताला आधी तोच लागतो. जानेवारी २०२४मध्ये दक्षिण कोरियाच्या संसदेने कुत्र्याच्या मांसाच्या धंद्यावर बंदीचा कायदा २०८ विरुद्ध शून्य मतांनी केला, अंमल २०२७पासून. त्याआधी तिथे यावर घराघरांत भांडणं होती. म्हातारे एका बाजूला, मांडीवर कुत्रा घेऊन बसणारी तरुण पिढी दुसऱ्या बाजूला, मध्ये उपजीविका जाणार म्हणून रडकुंडीला आलेले शेतकरी. विनोदाला केवढा मालमसाला! पण त्यासाठी बातमी वाचावी लागते.

बातमी वाचून, आणि आयुष्यभर मालिका पाहून केलेला विनोद कसा असतो ते जून २०२५मध्ये दिसलं. 'के-पॉप डीमन हंटर्स' हा सोनीने बनवलेला, नेटफ्लिक्सवर आलेला अमेरिकन कार्टूनपट. मूळ कल्पना आणि सहदिग्दर्शन मॅगी कांगचं, जन्म सेऊलचा, वाढली कॅनडात. दुसरा दिग्दर्शक ख्रिस अॅपलहान्स. नायिका रुमी आणि राक्षसांच्या टोळीतला जिनू रस्त्यात एकमेकांवर आदळतात. काळ मंदावतो, आणि मागे अचानक एक गोड प्रेमगीत सुरू होतं. ते मुद्दाम बनवलेलं नक्कल गाणं नाही, एका गाजलेल्या कोरियन मालिकेतलं खरंखुरं गाणं आहे. सेऊलमधला प्रेक्षक त्या दोन ओळींत खदखदून हसतो, न्यूयॉर्कच्या पोराला गाणं माहीत नसलं तरी काळ मंदावल्यावर काय होणार ते कळतं. टिंगल तीच, 'विंटर समर'वालीच. फक्त इथे नायिका कोणाची वाट बघत बसलेली नाही, तिला त्या राक्षसाचं मुंडकं उडवायचंय. जेवायच्या टेबलावर चमचे आणि काड्या कागदी रुमालावर ठेवलेल्या, बावळट चेहऱ्याचा वाघ आणि टोपी घातलेला मॅगपाय पक्षी जुन्या लोकचित्रांतून उचललेले. कोणी थांबून समजावत नाही.

दोन महिन्यांत तो नेटफ्लिक्सवरचा सर्वाधिक पाहिलेला चित्रपट झाला, त्यातलं 'गोल्डन' हे गाणं अमेरिकन गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं, आणि सेऊलच्या राष्ट्रीय संग्रहालयातले वाघ-मॅगपायचे बिल्ले संपले. कोरियात आनंदाइतकीच चिडचिडही झाली, की हा चित्रपट आपण का नाही केला? १९९४मध्ये तिथल्या राष्ट्राध्यक्षांपुढे अहवाल आला होता, की 'जुरासिक पार्क'ची कमाई पंधरा लाख ह्युंदाई गाड्यांच्या निर्यातीएवढी आहे. त्यानंतर तीस वर्षं सरकारने गाणी, मालिका, चित्रपटांवर पैसा आणि जोर लावला. आता जगाला आवडलेल्या या कोरियन गोष्टीची मालकी मात्र कॅलिफोर्नियातल्या कंपनीकडे आहे. आणि यावेळी चित्रंही सेऊलला आली नाहीत, ती कॅनडातल्या स्टुडिओंत झाली.